एकाची चाळीस करताना

चौथ्या मशीनवर बसले तेव्हा लक्षात आलं, की दुसऱ्यावर कंपायलर टाकायचा राहिलाय. तिसऱ्यावर टाकला होता, पण त्याचं व्हर्जन वेगळं. पहिल्यावर सगळं होतं, फक्त प्रिंटरचा ड्रायव्हर नव्हता. एका मशीनला साडेतीन तास लागत होते आणि संगणक प्रयोगशाळेत मशीन होती ४०. दिवसाला दोन धरली तरी वीस दिवस, आणि वीस दिवसांनंतर ४० मशीन ४० तऱ्हेची निघणार हे पहिल्या चारांनीच सांगून टाकलं होतं.

एक मशीन नीट तयार करायचं, त्याच्या डिस्कची इमेज, म्हणजे जशीच्या तशी प्रत, काढायची आणि ती बाकीच्यांवर उतरवायची, ही युक्ती काही नवी नाही. जुनी मंडळी अजूनही या कामाला ‘घोस्ट मारणं’ म्हणतात. १९९०च्या दशकात न्यूझीलंडमध्ये तयार झालेला घोस्ट नावाचा प्रोग्रॅम १९९८मध्ये सिमँटेकने विकत घेतला आणि पुढे ते नाव क्रियापदासारखंच वापरलं जाऊ लागलं. मी मात्र आजवर कधी हे केलं नव्हतं. माझ्या हाताखाली एक तरुण सहकारी होता, त्यानेही नव्हतं. म्हणजे जोडी जमली.

सुरुवात केली ती डीडीपासून. युनिक्समधली १९७०च्या दशकातली आज्ञा. डिस्कवर काय आहे, कुठली फाइल कुठे आहे, याच्याशी तिला काही देणंघेणं नसतं. पहिल्या बाइटपासून शेवटच्या बाइटपर्यंत इकडचं तिकडे उतरवते. आमच्या डिस्क ५१२ जीबीच्या. सेकंदाला १०० एमबीचा वेग मिळाला तरी एका प्रतीला जवळजवळ दीड तास, आणि त्यातला बहुतेक वेळ रिकामी जागा इमानेइतबारे कॉपी करण्यात जाणार. पण साधं आहे, करून तर बघू, म्हटलं.

पेन ड्राइव्हवरून लिनक्स सुरू केलं. आतली डिस्क ‘एसडीए’, बाहेरून जोडलेली ‘एसडीबी’. एकीकडून दुसरीकडे अशी आज्ञा दिली, ती मध्येच अडकली, म्हणून मशीन रीस्टार्ट केलं. केबल सैल वाटली म्हणून डिस्क दुसऱ्या पोर्टला लावली. टर्मिनल उघडून मघाचीच आज्ञा पुन्हा टाइप केली आणि एंटर दाबलं. या वेळी डिस्क उलट्या क्रमाने ओळखल्या गेल्या होत्या. बाहेरची झाली होती ‘ए’ आणि आतली ‘बी’. मी एका कोऱ्या डिस्कमधले शून्य माझ्या तयार मशीनवर ओतत होते.

सहा-सात सेकंदांत कंट्रोल-सी दाबलं. तोवर साधारण एक जीबी गेला होता. डीडी काही विचारत नाही. ‘नक्की का?’ नाही, ‘इथे आधीच काहीतरी आहे’ नाही. तिला गमतीने ‘डिस्क डिस्ट्रॉयर’ म्हणतात ते मला आधी ठाऊक होतं, पण हसू येणं त्या दिवसापासून बंद झालं. जीपीटी या मांडणीत पार्टिशन टेबलची, म्हणजे डिस्कच्या भागांच्या यादीची, दुसरी प्रत डिस्कच्या अगदी शेवटी असते, त्यामुळे पार्टिशनचा आराखडा परत मिळाला. पण मशीन ज्यावरून सुरू होतं ते ईएफआय पार्टिशन आख्खं गेलं होतं आणि सी ड्राइव्हचं तोंडही. दोन तास खटपट करून काही फायली दिसायला लागल्या, पण त्या मशीनला आता ‘मास्टर’ म्हणायची माझी हिंमत नव्हती. पुन्हा पहिल्यापासून.

तेव्हापासून ‘ए’, ‘बी’ या नावांवर मी विश्वास ठेवत नाही. लिनक्समध्ये डिस्कचं मॉडेल आणि सिरियल नंबर असलेलं लांबलचक नावही मिळतं, तेच वापरते. आज्ञा लिहिल्यावर सहकाऱ्याला म्हणते, “अरे, जरा मोठ्याने वाच बघू.” तो वाचतो. मग एंटर.

दुसऱ्या खेपेला क्लोनझिला हे इमेज काढायचं साधन घेतलं. तैवानमध्ये तयार झालेलं, फुकट आणि मुक्त. त्याच्या पोटातला पार्टक्लोन फाइल सिस्टिम, म्हणजे फायलींची डिस्कवरची मांडणी, समजून घेतो आणि फक्त वापरलेले ब्लॉक उचलतो. आमच्या मास्टरवर साधारण ६० जीबी भरलेले होते. दाबून त्याची इमेज व्हायला हवी होती ३० जीबीच्या आसपास. प्रत्यक्षात स्क्रीनवर आकडा आला आख्ख्या डिस्कचा, आणि वेळ काही तासांचा.

कारण सापडायला अर्धा दिवस गेला. विंडोज ११ने न विचारता डिस्क एन्क्रिप्ट, म्हणजे किल्लीशिवाय वाचता येणार नाही अशी, करून ठेवली होती. सेटिंगमध्ये बिटलॉकर ही एन्क्रिप्शनची सोय ‘चालू’ असं लिहिलेलं नव्हतं, ‘अ‍ॅक्टिव्हेशनच्या प्रतीक्षेत’ असं काहीसं होतं, म्हणून मी दुर्लक्ष केलं. पण त्या अवस्थेतही डिस्कवरचा मजकूर एन्क्रिप्टच असतो, फक्त कुलूप लावून किल्ली दारातच टांगलेली असते. पार्टक्लोनला आत फाइल सिस्टिम दिसेना, त्यामुळे क्लोनझिला बिचारं डीडीवर उतरलं होतं. विंडोजमध्ये जाऊन एन्क्रिप्शन काढलं, पूर्ण उलगडेपर्यंत थांबले. मग आडवं आलं ‘फास्ट स्टार्टअप’. शटडाउन केलं तरी विंडोज खऱ्या अर्थाने बंद होत नाही, अर्धवट झोपतं, आणि अशा झोपलेल्या एनटीएफएसला, म्हणजे विंडोजच्या फाइल सिस्टिमला, हात लावायला ही साधनं नकार देतात. योग्यच आहे ते. हायबरनेशन बंद केलं, मशीन नीट बंद केलं, आणि इमेज तयार झाली. ३१ जीबी.

आता सिसप्रेपबद्दल. मायक्रोसॉफ्टचं म्हणणं असं की विंडोजची इमेज वाटण्याआधी सिसप्रेप चालवून मशीनची स्वतःची ओळख पुसायची. मी मात्र थोडं वाचलं होतं, आणि थोडं वाचलेलं माणूस जास्त धोकादायक. २००९च्या नोव्हेंबरमध्ये मायक्रोसॉफ्टमधलेच तंत्रज्ञ मार्क रसिनोविच यांनी लिहिलं होतं की दोन मशीनचा सिड, म्हणजे सुरक्षा-ओळखक्रमांक, एकसारखा असला तर अनर्थ होतो ही समजूत खरी नाही; आणि तो क्रमांक बदलणारं स्वतःचं न्यूसिड हे साधन त्यांनी मागे घेतलं होतं. मी एवढंच लक्षात ठेवलं. त्याच लेखात मायक्रोसॉफ्टचा आग्रह सिसप्रेपचाच आहे, कारण इतर गोष्टींची नक्कल त्रास देते, असंही होतं. ते सोयीस्करपणे विसरले.

सिसप्रेप न करता पाच एक्स्टर्नल डिस्कवर इमेज घेतली आणि एका वेळी पाच मशीन धरली. आठ फेऱ्या. संध्याकाळी ४० स्क्रीनवर एकच वॉलपेपर पाहून काय समाधान वाटलं म्हणून सांगू! ते दोन दिवस टिकलं.

तिसऱ्या दिवशी एक विद्यार्थिनी दारात उभी. “मॅडम, तुमचा मेल उघडा आहे.”

“कुठल्या मशीनवर?”

“सगळ्याच.”

मास्टर तयार करताना एक इन्स्टॉलर माझ्या मेलमध्ये होता, तो उतरवण्यासाठी मी ब्राउझरमध्ये लॉगिन केलं होतं. इमेजमध्ये ते लॉगिनही गेलं आणि चाळिसांवर उतरलं. फोनवरून सगळी सेशन बंद केली, पासवर्ड बदलला. मुलगी सज्जन, म्हणून सांगायला आली.

हे निस्तरतेय तोवर अ‍ॅक्टिव्हेशनची तक्रार आली. आमच्याकडे व्हॉल्यूम लायसन्स, म्हणजे अनेक मशीनसाठी एकत्र घेतलेला परवाना, होतं आणि अ‍ॅक्टिव्हेशनसाठी नवाकोरा केएमएस सर्व्हर लावलेला होता. या सर्व्हरचा एक नियम असतो: निदान २५ वेगवेगळी विंडोज मशीन त्याच्याकडे येऊन गेल्याशिवाय तो कुणालाच अ‍ॅक्टिव्हेट करत नाही. आमची तर ४० होती. तरी प्रत्येक मशीनवर तीच त्रुटी, ‘संख्या अपुरी आहे’. सर्व्हरवर जाऊन आकडा पाहिला तर १.

मशीन मोजायला तो प्रत्येकाचा एक क्लायंट आयडी पाहतो. तो आयडी विंडोजमध्येच असतो, आणि माझ्या चाळीसही मशीनवर एकच होता. सर्व्हरच्या लेखी एकच मशीन चाळीसदा येऊन दार वाजवत होतं. अपडेट सर्व्हरवरही हाच प्रकार. तिथल्या यादीत एक मशीन दिसायचं, थोड्या वेळाने त्याचं नाव बदलायचं. ते नाव चाळिसांपैकी ज्याने शेवटी हजेरी लावली त्याचं असायचं. आधी मला वाटलं, सर्व्हर बिघडला. सहकारी म्हणाला, “मॅडम, तो बरोबर आहे. आपणच एका माणसाला चाळीस गणवेश घालून पाठवलंय.”

सिडचं पुढे काय झालं तेही सांगते, कारण ते माझ्या फाजील आत्मविश्वासाला शोभेल असंच आहे. २०२५च्या ऑगस्टअखेरपासून आलेल्या अपडेटनंतर विंडोज ११च्या ताज्या आवृत्त्या हा क्रमांक तपासू लागल्या आणि एकच सिड असलेल्या मशीनना एकमेकांशी ओळख पटवता येईना. शेअर केलेलं फोल्डर उघडत नाही, रिमोट डेस्कटॉप लागत नाही. ‘चालतंय की’ म्हणून सोडून दिलेली गोष्ट सोळा वर्षांनी वसुलीला आली.

तर सिसप्रेप. आता नीट करायचं ठरवलं. विंडोज पहिल्यांदा सुरू होऊन भाषा आणि प्रदेश विचारतं, त्या पडद्यावर कंट्रोल, शिफ्ट आणि एफ३ दाबलं की ऑडिट मोड मिळतो. तिथे कुणाच्याही नावाचं खातं न उघडता सगळी सॉफ्टवेअर टाकता येतात. या वेळी सगळे इन्स्टॉलर आधीच एका पेन ड्राइव्हवर गोळा केले, ब्राउझर उघडलाच नाही. आणि सिसप्रेपचं बटण दाबण्याआधी त्या अवस्थेची एक इमेज काढून वेगळी ठेवली. हा सल्ला मला कुणी दिला नव्हता, डीडीच्या दिवशीच्या भीतीने दिला. सिसप्रेपनंतर मशीनचा ‘जन्म’ नव्याने होतो. त्यात पुन्हा शिरून बदल करत बसण्यापेक्षा आधीच्या प्रतीवर बदल करून पुन्हा सिसप्रेप मारणं सोपं.

ते पहिल्या दमात पास झालं नाहीच. सिसप्रेपच्या फोल्डरमधल्या पँथर नावाच्या फोल्डरात त्याची लॉग फाइल असते. तिच्यात स्वच्छ लिहिलेलं होतं की अमुक अ‍ॅप एका वापरकर्त्यासाठी बसवलंय, पण सगळ्यांसाठी नाही. आम्ही काम करत असताना स्टोअरने मागल्या दाराने स्वतःची अ‍ॅप अपडेट केली होती. एक काढलं की दुसऱ्याचं नाव यायचं. चार अ‍ॅप काढली, नेटवर्कची केबल उपटून ठेवली आणि मग ते गेलं. ऑडिट मोडमध्ये इंटरनेट जोडायचं नाही, हे मी भिंतीवर चिकटवलंय.

एका सॉफ्टवेअरचं लायसन्स त्या-त्या मशीनलाच बांधलेलं होतं. इमेजमधून ते चाळीस ठिकाणी पोचलं, पण सुरू मात्र एकाच ठिकाणी व्हायचं, आणि त्याबद्दल तक्रार करायचं काही कारण नाही. आम्ही जेवढ्या प्रतींचे पैसे भरले होते तेवढेच हक्क होते. ते इमेजमधून वगळलं आणि ज्या दहा मशीनवर हवं होतं तिथे हाताने टाकलं.

एक्स्टर्नल डिस्क घेऊन पुन्हा आठ फेऱ्या मारायची इच्छा नव्हती, म्हणून नेटवर्कवरून उतरवायचं ठरलं. मशीन चालू होताना डिस्कऐवजी नेटवर्कवरून बूट होतं, सर्व्हरकडून नेटवर्कवरचा पत्ता घेतं, छोटा बूट प्रोग्रॅम घेतं आणि इमेजची वाट पाहत बसतं. इमेज प्रत्येकाला वेगळी पाठवली तर ४० गुणिले ३१, म्हणजे १,२४० जीबी एकाच सर्व्हरच्या एकाच केबलमधून जाणार. गिगाबिट नेटवर्कवर कागदोपत्रीच पावणेतीन तास. मल्टिकास्टमध्ये सर्व्हर एकदाच बोलतो आणि सगळे एकदम ऐकतात. सगळ्यांसाठी मिळून ३१ जीबी. मला तर हे ऐकूनच गुदगुल्या झाल्या.

त्यातली पहिली चूक भोवली ती शेजाऱ्यांना. माझ्या सर्व्हरमध्ये पत्ते वाटणारी डीएचसीपी सेवा होती आणि मी तो संस्थेच्या चालू नेटवर्कलाच जोडला. पत्ते वाटणारा तिथे आधीच एक होता. आता दोन झाले, आणि ज्याने आधी उत्तर दिलं त्याचं खरं. ज्यांना माझ्याकडून पत्ता मिळाला त्यांचं इंटरनेट गेलं, कारण माझ्या सर्व्हरला बाहेरचा रस्ताच माहीत नव्हता. वरच्या मजल्यावरून फोन येईपर्यंत मला पत्ताच नाही, आणि हा शब्दच्छल मी त्या वेळी करण्याच्या मनःस्थितीत नव्हते. प्रयोगशाळेचा स्विच मुख्य नेटवर्कपासून तोडून वेगळा केला. इमेज उतरवताना तो कायम तसाच ठेवते.

मग ४० मशीनच्या बायोसमध्ये, म्हणजे विंडोजच्याही आधीच्या सेटिंगमध्ये, जाऊन नेटवर्क बूट चालू करणं आलं. हे काही मल्टिकास्ट होत नाही. प्रत्येकासमोर बसायचं, एफ२ बडवायचं. सहा मशीनमध्ये डिस्क हाताळणारा स्टोरेज कंट्रोलर ‘रेड’ नावाच्या मोडमध्ये होता, बाकीच्यांत ‘एएचसीआय’ नावाच्या. तसंच सोडलं असतं तर विंडोज निळा पडदा दाखवून ‘बूट डिव्हाइस सापडत नाही’ म्हणून बसलं असतं. तीन मशीनच्या डिस्क बदललेल्या होत्या, ५१२ऐवजी ४८० जीबी. वापरलेली जागा ६० जीबी असली तरी क्लोनझिला मूळ डिस्कपेक्षा लहान डिस्कवर सरळ उतरत नाही, म्हणून मास्टरचं पार्टिशनच आधी लहान करून नवी इमेज घेतली.

शनिवारी सगळं जुळून आलं. चाळीस पडद्यांवर एकच ओळ, ‘वाट पाहत आहे’. सुरू केलं. अंदाज होता वीस मिनिटांचा. वेग दाखवणारा आकडा सेकंदाला ११ एमबीच्या वर जाईना. सर्व्हरची डिस्क तपासली, ठीक. स्विच बंद-चालू केला. इमेजचं कॉम्प्रेशन बदलू का, असाही विचार केला. सहकारी आकड्याकडे बघत म्हणाला, “मॅडम, ११ म्हणजे १०० मेगाबिट नाही का?”

होतंच. १०० मेगाबिटचं नेटवर्क एमबीमध्ये जेमतेम १२ देतं. मल्टिकास्टमध्ये सर्व्हर सगळ्यांची पोच घेत पुढे जातो, त्यामुळे वरातीचा वेग सगळ्यात मागच्याच्या पायावर. कुठलं तरी एक मशीन गिगाबिटऐवजी १००वर जोडलेलं होतं आणि बाकीचे ३९ त्याच्यासाठी थांबत होते. स्विचच्या दिव्यांच्या रांगेत सगळे हिरवे, एक पिवळा. १७ नंबर. टेबलाचा पाय केबलवर. गिगाबिटला केबलमधल्या चारही जोड्या लागतात, १००ला दोन पुरतात. त्यामुळे एक जोडी तुटलेली असूनही त्या मशीनवर इंटरनेट बिनबोभाट चालत होतं आणि कुणाला कधी काही जाणवलं नव्हतं. केबल बदलली. पुन्हा सुरू केलं तेव्हा आकडा शंभरीजवळ गेला आणि चाळीस पट्ट्या एकदम सरकू लागल्या. आम्ही दोघं नुसतेच बघत उभे होतो.

सिसप्रेपनंतर प्रत्येक मशीनने स्वतःचं नाव घ्यायला हवं होतं. त्यासाठी विंडोजच्या सुरुवातीच्या प्रश्नांना परस्पर उत्तरं देणारी एक फाइल आणि एक छोटी स्क्रिप्ट केली, जी बायोसमधला सिरियल नंबर वाचून आमच्या यादीतलं नाव लावते. यादी करताना दोन सिरियल नंबर चुकले, ती दोन हाताने बदलली. केएमएसवरचा आकडा दुपारभर बघत होते. ९, १४, २२. पंचविसाच्या पुढे गेल्यावर मशीन एकेक करून अ‍ॅक्टिव्हेट होऊ लागली.

पुढच्या महिन्यात लिनक्सच्या १५ मशीनवर हेच केलं. मला वाटलं, तिथे सिसप्रेप वगैरे भानगड नाही. भानगड असते, नाव वेगळं असतं. मशीन-आयडी नावाची एक फाइल असते. ती सारखी राहिली तर काही लिनक्स मशीन तिच्यावरूनच पत्ता मागतात आणि दोघांना एकच पत्ता मिळतो. ती फाइल उडवायची नाही, रिकामी करायची, मग पुढच्या बूटला नवी ओळख तयार होते. दुरून लॉगिन करायच्या एसएसएच सेवेच्या होस्ट किल्ल्या, म्हणजे मशीनची ओळख पटवणाऱ्या किल्ल्याही काढून टाकायच्या, नाहीतर पंधरा मशीन एकाच खासगी किल्लीवर चालतात आणि एकाची फुटली की सगळ्यांची फुटली. या वेळी हे इमेज काढण्याआधी वाचलं होतं.

इमेजशेजारी आता तिचा चेकसम, म्हणजे ती बिघडलेली नाही हे तपासायचा आकडा, ठेवते, आणि एक साधी वही. तारीख, काय टाकलं, कुठलं व्हर्जन, काय काढलं. मास्टरवर काम करताना कुणीही, मीसुद्धा, स्वतःच्या खात्याने लॉगिन करायचं नाही. डिलीट केलेली फाइल दिसत नाही म्हणजे गेली असं नसतं. डीडीसारख्या साधनाने काढलेल्या इमेजमध्ये तीही सुखरूप प्रवास करते.

चाळीसही मशीन तयार झाल्याच्या दुसऱ्या दिवशी एक शिक्षक आले. खुर्चीच्या पाठीवर हात ठेवून म्हणाले, “छान झालंय हो. फक्त एक छोटंसं सॉफ्टवेअर राहिलं बघा, मागच्या यादीत द्यायचं विसरलो.”

सहकाऱ्याने माझ्याकडे बघितलं. मी कपाटातून सिसप्रेपच्या आधीची डिस्क काढली आणि त्याला म्हटलं, “आधी मास्टरची नेटवर्क केबल काढ.”